घाट चढताना येणारा आवाज

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. मंजुश्री हिवराळे मोताळ्याहून निघून राजूरचा घाट चढत होत्या. एका वळणावर त्यांनी गिअर उतरवला, ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडीत कुठूनतरी चट-चट-चट असा आवाज सुरू झाला. पाय उचलला की आवाज मंदावायचा, पाय दाबला की पुन्हा घाईघाईनं यायचा. त्यांनी काचा लावल्या होत्या, हवेत गारठा होता. घाट संपला, सपाट रस्ता आला, आवाज जवळजवळ विरला. डोकं मात्र जड झालं होतं. पहिल्यांदाच एकट्यानं गाडी घाटावर चढवली, त्याचा ताण असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

मंजुश्रीताईंचं वय एकसष्ट. चौतीस वर्षं त्यांनी नर्स म्हणून काढली, त्यातली शेवटची सोळा घाटावरच्या डोंगरखेडच्या उपकेंद्रात. त्यांचे यजमान प्रेमानंद मोताळ्याच्या शाळेत लिपिक होते. बायकोला संध्याकाळच्या एस.टी.साठी फाट्यावर ताटकळत बसावं लागू नये म्हणून त्यांनी एक जुनी पांढरी व्हॅन घेतली होती. शाळा सुटली की ते ती घेऊन घाट चढायचे आणि उपकेंद्रासमोरच्या पिंपळाखाली लावून वर्तमानपत्र वाचत बसायचे. एखादी बाळंतीण अडली तर त्यांना कधी दोन तास, कधी चार तास वाट बघावी लागायची. कंटाळले तर शेजारच्या हातपंपावर जाऊन गाडी धुवायचे. डोंगरखेडची माणसं म्हणायची, गावात सगळ्यात स्वच्छ काही असेल तर ती नर्सबाईची गाडी.

मंजुश्रीताई मे महिन्यात निवृत्त झाल्या आणि पुढच्या जानेवारीत प्रेमानंद गेले. सकाळी दाढी करता करता छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. एकुलती मुलगी प्राची पुण्यात. तिनं पंधरा दिवस राहून घर आवरलं, कागदपत्रं केली आणि जाताना म्हणाली, "आई, ही गाडी विकून टाक. चालवणार कोण?"

गाडी दोन वर्षं घराच्या बाजूला ताडपत्रीखाली उभी राहिली. मग एक दिवस मंजुश्रीताईंनी ताडपत्री काढली आणि ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाईंकडे नाव घातलं. क्लासमध्ये बाकीची सगळी कॉलेजची पोरं होती. परवाना मिळायला त्यांना पाच महिने लागले. दोनदा नापास झाल्या, पण कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं कोणी नव्हतंही.

डोंगरखेडच्या शिवारात प्रेमानंदांनी दोन एकर जमीन घेऊन लिंबं लावली होती. बाग बटाईनं दिलेली होती, तिथं बघण्यासारखं काही काम नसायचं. तरी दर बुधवारी डबा घेऊन तिकडं जायचं, असं मंजुश्रीताईंनी ठरवलं. बुधवार हा उपकेंद्रातला लसीकरणाचा दिवस. पहिल्या बुधवारी त्या तिथंही डोकावल्या होत्या. नवीन नर्स तरुण, नीटनेटकी मुलगी. ती लगबगीनं उठली, खुर्ची दिली आणि अगदी आदरानं म्हणाली, "मॅडम, काही काम होतं का?"

काही काम नव्हतं. तेव्हापासून त्या सरळ बागेत जायच्या, लिंबाखाली बसून डबा खायच्या आणि परत फिरायच्या.

आवाज मात्र दर बुधवारी येत राहिला.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी गाडी गणेशकडे नेली. मोताळ्यात मलकापूर रस्त्यावर त्याचं गॅरेज. हाताला गुण असलेला मिस्त्री म्हणून त्याचं नाव होतं आणि बोलायलाही तो बरा होता.

"कुठी वाजते, ताई?"

"पुढेच कुठेतरी. चढावर. ॲक्सिलरेटर दाबला की चट-चट करते."

"बसा बाजूले. चक्कर मारून आनू."

गणेशनं गाडी रस्त्यावर काढली, दामटली, थांबवली, पुन्हा दामटली. शेजारी बसून मंजुश्रीताईंनी कान टवकारले. इंजिनाची घरघर, काचांची खडखड, पण त्या आवाजाचा मागमूस नाही. मग गणेश म्हणाला, "आता तुमी चालवा." तो शेजारी बसला. त्यांनी पुलाच्या चढावर पाय पूर्ण दाबला. काही नाही.

"मले तं काईच ऐकू येऊन नाई राह्यलं, ताई. जुनी गाडी हाय, जराशी कुरकुरतेच."

त्यानं ऑइल बदललं, पट्टा ताणून दिला. पुढच्या बुधवारी घाटात आवाज होताच. त्या पुन्हा गॅरेजमध्ये गेल्या. पुन्हा दोघांनी मिळून चक्कर मारली आणि पुन्हा गाडी शहाण्यासारखी चालली. गणेश हसला, पण या वेळी हसण्यात थोडी घाई होती. मागं दोन ट्रॅक्टर खोळंबले होते. मंजुश्रीताई पर्स घ्यायला वळल्या तेव्हा तो हलक्या आवाजात कोणाला तरी म्हणाला, "घरी एकट्याच राह्यतात ना. मंग मानसाचे कान वाजतात."

चौतीस वर्षं पोटावर नळी टेकवून आतल्या बाळाचे ठोके ऐकलेले कान होते ते. बाहेर सासू रडतेय, वरात चाललीय, पाऊस पत्र्यावर कोसळतोय, तरी त्यांना ठोका ऐकू यायचा. त्यांनी पर्स उचलली आणि गाडी काढली. एकट्याच असल्यामुळे पुलाच्या चढावर आवाज लगेच आला. मागं वळून गणेशला बोलवावं असं क्षणभर वाटलं. पण तो शेजारी येऊन बसेल आणि आवाज जाईल, हे आता त्यांना अनुभवानं माहीत झालं होतं. त्याचा अर्थ मात्र लागत नव्हता.

त्या संध्याकाळी प्राचीचा फोन आला. बोलता बोलता मंजुश्रीताईंनी डोकेदुखीचं सांगितलं. मळमळतंही कधी कधी, म्हणाल्या. आवाजाचंही सांगितलं.

पलीकडं प्राची जपून म्हणाली, "आई, रागावू नकोस. एकटं राहिलं की असं होतं. मन काहीतरी धरून बसतं. इथे एक चांगल्या समुपदेशक आहेत, फोनवरही बोलतात. मी नंबर पाठवू?"

"पाठव."

"आणि ती गाडी वीक ना गं."

नंबर आला. त्यांनी तो नोंदवून ठेवला, पण लावला नाही. त्याऐवजी त्या गावातल्या डॉक्टरांकडे गेल्या. रक्तदाब ठीक निघाला, साखर ठीक निघाली. "झोप नीट लागते का, सिस्टर?" डॉक्टरांनी विचारलं आणि झोपेची गोळी लिहून दिली.

घरी येऊन मंजुश्रीताई स्वयंपाकघरात बसून राहिल्या. एका माणसाचा स्वयंपाक अर्ध्या तासात उरकतो आणि मग संध्याकाळ फार मोठी होते. टीव्ही लावला तर शेजारच्या घरातलं बोलणं ऐकत बसल्यासारखं वाटायचं, म्हणून त्या लावत नसत. गणेश म्हणतो तसं असेल का? प्राची म्हणते तसं? इतक्या बाया त्यांनी पाहिल्या होत्या, ज्यांना आपण आजारी नाही हे पटत नसे. आपण त्यांतल्याच एक झालो का, हा विचार त्यांना आवाजापेक्षा जास्त छळू लागला.

शेवटी त्यांनी एक जुनं, अर्धं कोरं राहिलेलं रजिस्टर काढलं आणि पेशंटचं लिहितात तसं लिहायला घेतलं. त्रास कधी सुरू होतो, कशानं वाढतो, कशानं थांबतो. मोताळ्याच्या बाजारात, सपाट रस्त्यावर: बारीक. घाटात: जोरात. सकाळी गाडी थंड असताना: जास्त. गणेश असताना: नाही. डोकं कधी दुखतं? गाडीत. घरी? नाही. बागेत बसल्यावर तासाभरात? उतरतं. शेवटच्या ओळीवर त्या बराच वेळ बोट ठेवून बसल्या. मनाचा आजार असा बुधवार बघून येत नाही, आणि लिंबाखाली बसल्यानं उतरत नाही.

जानेवारीतल्या एका बुधवारी घाटाच्या पायथ्याशी एक बाई डोक्यावर बोचकं घेऊन उभी होती. हात दाखवला म्हणून मंजुश्रीताईंनी गाडी थांबवली. बाईनं वाकून आत पाहिलं आणि तिचा चेहराच बदलला.

"अव माय! नर्सबाई! वळखलं का? मी डोंगरखेडची पुष्पा. माह्या हर्षलच्या टाइमाले तुमीच आलत्या. पायाळू होता पोट्टा."

"पायाळू हर्षल! हो, आठवला. केवढा झाला आता?"

"आता काय, दाढी करते तो." पुष्पाबाई बोचकं मागच्या सीटवर टाकून पुढं येऊन बसल्या आणि बोलायला लागल्या. एस.टी. सकाळीच निघून गेलती, भावाकडे आलती, भावजय धड बोललीच नाही, हर्षलले सुरतेले काम लागलं, तो मलेबी घेऊन जातो म्हनते. मंजुश्रीताई हं हं करत गाडी चालवत राहिल्या. किती दिवसांनी शेजारी कोणीतरी बोलत होतं. घाट कधी संपला ते कळलंच नाही.

वरच्या सपाटीवर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं. आवाज आला नव्हता. एकदाही नाही.

पहिला विचार असा आला, की पुष्पाबाईंच्या बोलण्यात तो बुडाला असेल. त्यांनी गाडी बाजूला घेतली.

"पुष्पाबाई, एक काम कराल? आपण परत खाली जाऊन पुन्हा वर येऊ. पण वर येताना बोलायचं नाही."

"बोलू नोको? काऊन बाप्पा?"

"गाडी वाजते का ते ऐकायचंय."

पुष्पाबाईंनी तोंडाला पदर लावला आणि गाडी खाली उतरून पुन्हा चढेपर्यंत एक अक्षर काढलं नाही. आवाज नव्हता. मंजुश्रीताईंनी त्यांना वळणावर उतरवलं आणि एकट्याच थोडं पुढं गेल्या. चट-चट-चट. आवाज लगेच आला. त्यांनी गाडी मागं घेतली. पुष्पाबाई कठड्याशी उभ्या राहून हे सगळं डोळे विस्फारून बघत होत्या.

"आता मागे बसा. बोचक्याजवळ."

पुष्पाबाई मागं बसल्या. मंजुश्रीताईंनी गिअर टाकला, पाय दाबला. काही क्षण गेले आणि मागून पुष्पाबाई म्हणाल्या, "हाव ना बाई. वाजते. चटक-चटक करते. त्या रिकाम्या सीटखालून येऊन राह्यलं पाहा."

मंजुश्रीताईंनी गाडी थांबवली. हात स्टिअरिंगवरच राहिले.

"तुम्हाला ऐकू आला?"

"मंग? मी काय बहिरी हाव का?"

मंजुश्रीताईंना रडू आलं. अडीच महिने त्या एकट्या तो आवाज घेऊन फिरत होत्या. पुष्पाबाईंना काही समजलं नाही, पण त्या मागून पुढं वाकल्या आणि त्यांनी नर्सबाईच्या खांद्यावर हात ठेवला. "राहू द्या. गाडीच त हाय," त्या म्हणाल्या.

त्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटांखालीच असतं. सीट उचलली की खाली झाकणासारखं उघडतं. इंजिन चालू ठेवून मंजुश्रीताईंनी शेजारची सीट उचलली. तशी ती सहजच उचलली गेली. तिला आवळून धरणारी खिटी झिजून गुळगुळीत झाली होती. वर माणूस बसलं की वजनानं झाकण घट्ट बसायचं, नसलं की बोटभर उचललेलं राहायचं. आत, इंजिनातून धूर बाहेर नेणारा पाइप जिथं जोडला होता तिथं काळ्या काजळीचा पट्टा उमटला होता. त्यांनी हाताची पाठ थोडी दूर धरली. गरम फुंकर येत होती, दर चट-ला एक.

त्यांनी झटकन सगळ्या काचा खाली केल्या.

हिवाळ्यात बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवून दारं-खिडक्या लावून घेणाऱ्या सासवांशी त्यांनी किती भांडणं केली होती. धूर दिसला नाही तरी माणूस गुंगतो, मायबाई, फट ठेवा, असं त्या घरोघरी सांगत फिरल्या होत्या. आणि स्वतः दर बुधवारी काचा लावून शेगडीशेजारी बसून घाट चढत होत्या.

पुष्पाबाईंना डोंगरखेडला सोडून त्या काचा उघड्या ठेवूनच मोताळ्याला परतल्या. थंडीनं कान बधिर झाले. गाडी त्यांनी थेट गणेशच्या गॅरेजपुढं उभी केली.

"गणेश, मागे बस."

"मांगं?"

"मागे. आणि काही बोलू नकोस."

पुलाचा चढ येईपर्यंत गणेश गालात हसत होता. चढ लागला. मंजुश्रीताईंनी आरशात पाहिलं. त्याचं हसू मावळलं, मान तिरकी झाली, मग तो पुढं सरकून ऐकायला लागला. गाडी गॅरेजमध्ये परत आली. सीट उचलून त्यानं बॅटरीचा उजेड टाकला आणि जीभ चावली.

"पाइपाच्या जोडावरलं गॅस्केट जळेल हाय. एक बोल्टच नाई अथी. ताई, हा सारा धूर तुमच्या नाकात जाऊन राह्यलता." मग तो म्हणाला, "चुकलं माहं. मी दर खेपी त्याच सीटवर बसलो. न् चालवाले बसलो तं तिथी तुमी."

"मी एकटी असते, म्हणून मला ऐकू यायचं," त्या म्हणाल्या. त्यांनी टोमणा मारला नव्हता, पण गणेशनं मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काम झालं. नवीन गॅस्केट, बोल्ट, नवीन खिटी. गणेशनं जुनी खिटी त्यांच्या हातावर ठेवली. "पाहा, किती घासली. लय वर्षांची गेली असन हे."

"किती वर्षांची?"

"चार-पाच तं असतीलच. जास्तबी."

"आणि धूर?"

गणेश विचारात पडला. "सांगता नाई येत, ताई. खिटी पह्यले गेली असन, गॅस्केट मांगून. नाई तं दोन्ही संगंच. कोन सांगावं."

मंजुश्रीताई गॅरेजच्या बाकड्यावर बसल्या. चार-पाच वर्षांपूर्वी त्या नोकरीत होत्या. प्रेमानंद रोज संध्याकाळी एकटेच घाट चढून यायचे. येताना शेजारची सीट रिकामी असायची आणि परतताना तिच्यावर त्या बसायच्या. मग त्यांना ते आठवलं. पिंपळाखाली गाडीत बसता बसता प्रेमानंद एकदा म्हणाले होते, "मंजू, चढावर काहीतरी वाजतं गं." घाट उतरताना दोघांनी कान देऊन ऐकलं होतं, काही ऐकू आलं नव्हतं. आठवड्यानं ते पुन्हा म्हणाले, तेव्हा त्या दिवसभराच्या लसीकरणानं दमलेल्या होत्या. त्या म्हणाल्या होत्या, "तुमचे कान वाजतात."

त्यानंतर प्रेमानंदांनी तो विषय काढला नाही.

संध्याकाळी त्यांचं डोकंही दुखायचं. रिकाम्या पोटी चहा पिता म्हणून, असं सांगून त्या पर्समधली गोळी काढून द्यायच्या. ते ती मुकाट्यानं घ्यायचे. बायको नर्स आहे, तिला कळतं, असा त्यांचा विश्वास होता.

ते गेले तेव्हा गाडी घेऊन घाट चढल्याला आठ महिने झाले होते, मधल्या काळात ती निघायची तीही क्वचित बाजारापुरती. मृत्यूचा त्याच्याशी संबंध नव्हता. नर्स म्हणून त्यांना हे समजत होतं आणि त्यांनी ते मनाशी दोन-तीनदा नीट मांडून पाहिलं. तरी पिंपळाखाली वर्तमानपत्र तोंडावर घेऊन पडलेला माणूस डोळ्यांपुढून हलेना. ते झोपलेत असं त्यांना वाटायचं. डोकं दुखत असेल, असं कधी मनातही आलं नव्हतं.

"ताई, पानी देऊ का?" गणेशनं विचारलं.

"नको. निघते मी."

रात्री प्राचीचा फोन आला. मंजुश्रीताईंनी सगळं सांगितलं. आवाज खरा होता, धूर होता, दुरुस्त झालं. प्राची आधी घाबरली, मग तिनं माफी मागितली, मग तिला हसू आलं. "म्हणजे तूच निदान केलंस! आई, कमाल आहेस तू. बाबा असते तर काय खूश झाले असते."

"हो," मंजुश्रीताई म्हणाल्या. पुढचं वाक्य ओठापर्यंत आलं होतं. पण प्राचीच्या मागं कुकरची शिट्टी झाली, कोणीतरी तिला हाक मारली आणि ती म्हणाली, "उद्या बोलू हं." दुसऱ्या दिवशी त्या दोघी हवेबद्दल बोलल्या.

हे कोणाला तरी सांगायला हवं, असं त्यांना आठवडाभर वाटत राहिलं. आठवली ती पुष्पाबाईच. बुधवारी त्या बागेत न जाता सरळ डोंगरखेडात गेल्या. जाताना वाटेवरच्या दुकानातून पेढ्यांचा पुडा घेतला. गाडी सबंध घाट गुमान चढली. काचा दोन बोटं उघड्या होत्या. आता गरज नव्हती, पण बंद करवेनात.

पुष्पाबाईंच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या ओट्यावर तुरी निवडत बसलेली म्हातारी म्हणाली, "सोमवारीच गेली ना सुरतेले, पोट्ट्यासंग. आता कायची येते ते." मग तिनं डोळे बारीक करून पाहिलं. "तुमी पह्यलच्या नर्सबाई ना? तुमचा मालक गाडीत बसून राहे."

"हो."

"लय शांत मानूस. बरा हाय ना?"

मंजुश्रीताईंनी पेढ्यांचा पुडा म्हातारीच्या सुपाशेजारी ठेवला. "तीन वर्षं झाली त्यांना जाऊन," त्या म्हणाल्या. म्हातारी चुकचुकली, नातवंडांना हाक मारून पेढे वाटू लागली, आणि पोरांच्या गलक्यात बोलणं तिथंच राहिलं.

त्या गाडीत येऊन बसल्या. उन्हं उतरायला लागली होती, अंधाराआधी खाली पोचायचं होतं. उतारावर ॲक्सिलरेटर दाबावा लागत नाही. त्यांनी पाय ब्रेकवर ठेवला आणि एकेक वळण घेत गाडी मोताळ्याच्या दिशेनं उतरू दिली.